वेगळ्या हार्डवेअरवर सर्व्हरचा बॅकअप रिस्टोअर करताना येणाऱ्या एरर : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुना सर्व्हर बंद पडला आहे, बॅकअप हाताशी आहे, पण तो ज्या यंत्रावर उतरवायचा ते जुन्यासारखे नाही, अशा अवस्थेत सापडलेल्या वाचकांनी वेळोवेळी पाठवलेले प्रश्न येथे एकत्र केले आहेत. एकच उत्तर दोनदा द्यावे लागू नये म्हणून जिथे विषय एकमेकांत मिसळतात तिथे संबंधित प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. पडताळणीत बॅकअप पूर्णपणे बरोबर आला होता. मग दुसऱ्या सर्व्हरवर तो सुरू का होत नाही?

कारण बॅकअप डिस्कचा असतो, यंत्राचा नसतो. इमेज बॅकअपमध्ये डिस्कवरचे सगळे येते. परंतु सर्व्हर उभा राहण्यासाठी ज्या गोष्टी लागतात त्यांतल्या कित्येक डिस्कवर नसतातच. कोणती फाइल बूट करायची याची नोंद मदरबोर्डवरील मेमरीत असते, डिस्कला कुलूप लावले असल्यास ते उघडणारी किल्ली मदरबोर्डवरील टीपीएम या सुरक्षा चिपशी बांधलेली असू शकते आणि डिस्कवर जे आहे ते जुन्या कंट्रोलरला (ज्या चिपला डिस्क जोडल्या जातात तिला) व जुन्या नेटवर्क कार्डाला धरून मांडलेले असते. त्यामुळे पडताळणी खरी असते आणि एररही खरी असते. एरर दिसताच बॅकअप खराब आहे असे समजून जुनी प्रत पुसण्याची किंवा तिच्यावर नवी प्रत घेण्याची घाई कृपया करू नये. बॅकअप खरोखरच बिघडला आहे का, हे कसे ओळखायचे ते प्रश्न १४ मध्ये सांगितले आहे.

२. एरर आल्यावर शोध कुठून सुरू करावा?

गाडी कोणत्या टप्प्यावर अडली हे आधी ठरवावे. रिस्टोअर करणारा प्रोग्रामच नकार देत असेल तर प्रश्न ३, ४, ९ आणि १० पाहावेत. रिस्टोअर पूर्ण होऊनही बूट होण्याजोगी डिस्क सापडत नाही असे फर्मवेअर (यंत्र चालू करताच सुरू होणारा मदरबोर्डवरील प्रोग्राम) म्हणत असेल तर प्रश्न ५ पाहावा. विंडोज किंवा लिनक्स सुरू होता होता थांबत असेल तर उत्तर प्रश्न ६ ते ८ मध्ये सापडण्याची शक्यता मोठी आहे. सर्व्हर उठतो पण नेटवर्क, डेटा किंवा लॉगिन चालत नाही, अशी तक्रार असल्यास प्रश्न ११ आणि त्यापुढचे प्रश्न पाहावेत.

स्क्रीनवरील संदेशाचा फोटो अवश्य काढून ठेवावा. आठवणीतून सांगितलेल्या एररमध्ये नेमका महत्त्वाचा शब्द गळतो, असा अनुभव वारंवार येतो.

३. रिस्टोअरच्या स्क्रीनवर नवी डिस्कच दिसत नाही. डिस्क खराब आहे का?

बहुतेक वेळा डिस्क चांगली असते. प्रथम फर्मवेअरमध्ये ती दिसते का ते पाहावे. रेड (अनेक डिस्क मिळून एकच डिस्क म्हणून चालवण्याची पद्धत) कार्ड असलेल्या सर्व्हरमध्ये डिस्क नुसत्या बसवून चालत नाही. कार्डाच्या मेनूत जाऊन त्यांचा व्हर्च्युअल डिस्क गट तयार केल्याशिवाय पुढे काहीच दिसत नाही.

फर्मवेअरमध्ये डिस्क दिसते आणि रिस्टोअरच्या वातावरणात दिसत नाही, असे असेल तर तिथे कंट्रोलरचा ड्रायव्हर नाही. इंटेलच्या नव्या यंत्रांत व्हीएमडी ही सोय चालू असली की एनव्हीएमई या वेगवान एसएसडी डिस्क तिच्या आड जातात आणि त्या ड्रायव्हरशिवाय विंडोजच्या रिकव्हरीला त्या दिसत नाहीत. अशा वेळी ड्रायव्हर पेनड्राइव्हवर घेऊन 'ड्रव्हलोड' या कमांडने लोड करावा, किंवा रेडची गरज नसल्यास फर्मवेअरमध्ये व्हीएमडी बंद करावे. हा ड्रायव्हर दोन ठिकाणी लागतो, हे लक्षात असू द्यावे: एकदा रिकव्हरीच्या वातावरणात, डिस्क दिसावी म्हणून, आणि दुसऱ्यांदा रिस्टोअर झालेल्या विंडोजमध्ये, ती बूट व्हावी म्हणून. पहिले काम करून दुसरे विसरले की प्रश्न ६ मधली निळी स्क्रीन ठरलेली.

४. "फर्मवेअर वेगळे असल्यामुळे ही इमेज रिस्टोअर करता येत नाही" असा संदेश येतो. जुना सर्व्हर बायॉसवर होता, नवा यूईएफआयवर आहे. आता काय करावे?

बायॉस ही फर्मवेअरची जुनी पद्धत आणि यूईएफआय ही नवी. सर्वांत आधी पेनड्राइव्ह कोणत्या पद्धतीने बूट झाला ते तपासावे. अनेक यंत्रांच्या बूट मेनूत एकच पेनड्राइव्ह दोनदा दिसतो, एकदा नुसत्या नावाने आणि एकदा नावाआधी यूईएफआय असे लिहून. रिकव्हरीचे वातावरण ज्या पद्धतीने सुरू होते तीच पद्धत यंत्राची आहे, असे विंडोजचा रिस्टोअर प्रोग्राम धरून चालतो. एका रात्री मी जवळजवळ दोन तास पार्टिशनची फेररचना करण्याच्या मागे होतो. जुना आणि नवा दोन्ही सर्व्हर यूईएफआयचेच होते. मेनूत पेनड्राइव्हची चुकीची ओळ निवडली गेली होती, एवढेच कारण निघाले. तेव्हापासून या संदेशावर माझा पहिला प्रश्न हाच असतो.

फर्मवेअर खरोखरच वेगळे असेल तर मार्ग दोन आहेत. नव्या यंत्रात जुन्या पद्धतीने बूट करण्याची सोय असेल तर ती चालू करणे हा सोपा मार्ग. पण अनेक नव्या सर्व्हरमध्ये ती सोय उरलेली नाही. शिवाय बायॉसबरोबर येणाऱ्या एमबीआर या पार्टिशनच्या नोंदी ठेवण्याच्या जुन्या पद्धतीत ५१२ बाइटच्या सेक्टरवर (डिस्कवरील वाचन-लेखनाचा सर्वांत लहान भाग) साधारण २ टेराबाइटपलीकडची जागा वापरता येत नाही, त्यामुळे मोठ्या डिस्कवर हा मार्ग अपुरा पडतो.

दुसरा मार्ग रूपांतराचा. डिस्क जीपीटी या पार्टिशनच्या नोंदींच्या नव्या पद्धतीची करावी लागते, तिच्यावर फॅट३२ स्वरूपाचे ईएफआय सिस्टिम पार्टिशन लागते आणि त्यात 'बीसीडीबूट' या कमांडने बूटच्या फाइल लिहाव्या लागतात. विंडोज १० च्या १७०३ या आवृत्तीपासून मिळणारे 'एमबीआर२जीपीटी' हे साधन ही कामे डेटा न पुसता करते, मात्र डिस्कवर तीनपेक्षा अधिक प्रायमरी पार्टिशन असल्यास ते नकार देते. लिनक्समध्ये ईएफआय पार्टिशन बनवून ग्रब या बूट प्रोग्रामची यूईएफआय आवृत्ती स्वतंत्रपणे बसवावी लागते. जुना सर्व्हर अजून चालू स्थितीत असेल तर रूपांतर तिथेच करून ताजा बॅकअप घेणे केव्हाही बरे, कारण तिथे चूक उमगल्यास मागे फिरता येते.

५. रिस्टोअर यशस्वी झाल्याचा संदेश आला, पण सुरू करताच बूट होण्याजोगी डिस्क नाही असे दिसते. असे का?

यूईएफआय यंत्रात "अमुक डिस्कवरील अमुक फाइल चालव" ही नोंद मदरबोर्डवरील मेमरीत असते. ती जुन्या मदरबोर्डवरच राहिली. बॅकअपमध्ये ती कधी आलीच नव्हती. नोंद नसली की फर्मवेअर ईएफआय पार्टिशनमधल्या 'ईएफआय' फोल्डरात, 'बूट' या उपफोल्डरात ठरावीक नावाची पर्यायी फाइल शोधते. तीही नसेल तर हा संदेश येतो.

विंडोजसाठी रिकव्हरीतून 'बीसीडीबूट' चालवावे. ते फाइलही लिहिते आणि नोंदही करते. लिनक्समध्ये 'ईएफआयबूटएमजीआर' या साधनाने नोंद तयार करता येते. काही फर्मवेअरच्या मेनूतच फाइल निवडून नोंद जोडण्याची सोय असते आणि घाईच्या वेळी तीच सर्वांत जलद पडते. बायॉस पद्धतीच्या यंत्रात मात्र बूटचा क्रम आणि पार्टिशन ॲक्टिव्ह आहे की नाही, एवढेच पाहावे लागते.

६. विंडोज सर्व्हर निळ्या स्क्रीनवर 'इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस' दाखवून पुन्हा पुन्हा रिस्टार्ट होतो. उपाय काय?

विंडोज सुरू झाले, पण ज्या डिस्कवरून सुरू झाले तीच त्याला पुढे वाचता येईना, असा याचा अर्थ. नव्या स्टोरेज कंट्रोलरचा ड्रायव्हर विंडोजमध्ये नाही, किंवा असला तरी सुरुवातीलाच लोड होणाऱ्यांच्या यादीत नाही.

सर्वांत सोपा प्रयोग फर्मवेअरमध्ये आहे. जुन्या सर्व्हरवर डिस्क एएचसीआय, म्हणजे प्रत्येक डिस्क वेगळी दाखवण्याच्या, पद्धतीने चालत होत्या आणि नव्यावर रेड पद्धत निवडलेली असेल, किंवा याच्या उलट असेल, तर ती जुन्यासारखी करून पाहावी. मात्र नव्या यंत्रावर रेडचा गट आधीच बनवला असेल तर ही पद्धत बदलू नये.

त्याने काम भागले नाही तर रिकव्हरीच्या कमांड खिडकीतून 'डिस्म' या साधनाने, बंद असलेल्या विंडोजमध्ये ड्रायव्हर घालावा. इथे दोन ठिकाणी हात चुकतो. रिकव्हरीमध्ये ड्राइव्हची अक्षरे बदललेली असू शकतात. नेहमीचा सी ड्राइव्ह तिथे डी म्हणून दिसतो आणि ड्रायव्हर भलत्याच ठिकाणी घालण्याचा प्रयत्न होतो. म्हणून आधी 'डिस्कपार्ट'मध्ये यादी पाहून विंडोजचे फोल्डर खरोखर कुठे आहे याची खात्री करावी. दुसरे म्हणजे, उत्पादक देतो ती इन्स्टॉलरची फाइल इथे चालत नाही. ती उलगडून आतली 'आयएनएफ' फाइल आणि तिच्यासोबतच्या फाइल द्याव्या लागतात.

वेगळ्या हार्डवेअरसाठी ड्रायव्हर घालण्याची सोय अनेक बॅकअप प्रोग्राममध्ये असते. तीही हेच काम करते, पण योग्य ड्रायव्हर तिला आपणच पुरवावा लागतो.

७. लिनक्स सर्व्हर मिनिट-दोन मिनिटे थांबून इमर्जन्सी शेलमध्ये जातो आणि रूट डिस्क सापडली नाही असे म्हणतो. काय करावे?

लिनक्समध्ये कर्नलबरोबर एक छोटी सुरुवातीची इमेज लोड होते, तिला इनिटरॅमएफएस म्हणतात. रेड हॅट परिवारात ती 'ड्रॅकट' तयार करते आणि सहसा फक्त त्याच यंत्राला लागणारे ड्रायव्हर आत ठेवते. यंत्र बदलले की नव्या कंट्रोलरचा ड्रायव्हर डिस्कवर असतो, पण ती डिस्क वाचण्यासाठी तोच ड्रायव्हर हवा असतो. डेबियनमध्ये मूळ ठेवणीनुसार बहुतेक ड्रायव्हर आत घातलेले असतात, म्हणून तिथे ही अडचण कमी येते.

प्रथम ग्रबच्या मेनूत रेस्क्यू अशी नोंद आहे का ते पाहावे. ती इमेज सर्वसाधारण हार्डवेअरसाठी बनवलेली असते आणि बऱ्याचदा तिच्यावरून सर्व्हर उठतो. उठल्यावर नेहमीची इमेज नव्याने तयार केली की काम झाले.

ती नोंद नसेल तर लाइव्ह पेनड्राइव्हवरून बूट करावे, रूट आणि बूट पार्टिशन माउंट करावीत, डेव्ह, प्रॉक आणि सिस ही फोल्डर जोडावीत आणि 'सीएचरूट' करून 'ड्रॅकट' चालवावे. त्या वेळी होस्टओन्ली पद्धत बंद ठेवावी आणि सर्व्हरवरील कर्नलची आवृत्ती स्वतः लिहून द्यावी. आवृत्ती दिली नाही तर ड्रॅकट चालू असलेल्या, म्हणजे पेनड्राइव्हवरच्या कर्नलसाठी इमेज बनवायला जाते, आणि रिस्टार्ट केल्यावर पुन्हा तेच शेल समोर येते. कर्नलच्या आवृत्त्या रूट डिस्कवरील मॉड्यूलच्या फोल्डरात नावानिशी दिसतात.

८. ड्रायव्हर आहे, डिस्कही दिसते, तरी माउंट होताना एरर येते. असे का होते?

डिस्कचे नाव बदलले असावे. साटा डिस्कला एसडीए म्हणणारा लिनक्स एनव्हीएमई डिस्कला वेगळे नाव देतो आणि केव्हीएमच्या व्हर्च्युअल मशीनमध्ये तीच व्हीडीए होते. कोणती डिस्क कुठे माउंट करायची हे सांगणाऱ्या 'एफएसटॅब' फाइलमध्ये जुनी नावे असतील तर माउंट अडते. यूयूआयडी, म्हणजे फाइल सिस्टिमचा स्वतंत्र ओळख क्रमांक, वापरला असेल तर सहसा अडत नाही. पण रिस्टोअर प्रोग्रामने फाइल सिस्टिम नव्याने बनवून त्यात फाइल ओतल्या असतील तर यूयूआयडीही बदललेला असतो. 'बीएलकेआयडी' कमांडचा निकाल आणि एफएसटॅब शेजारी ठेवून ओळीमागून ओळ ताडून पाहावी. स्वॅपची ओळ हमखास सुटते.

रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स ९ मध्ये आणखी एक गोष्ट आहे. तिथे एलव्हीएम (डिस्कची जागा व्हॉल्यूम ग्रुपमध्ये एकत्र करून वाटणारी सोय) आपल्या ओळखीच्या डिस्कची यादी एका फाइलमध्ये ठेवते आणि यादीबाहेरच्या डिस्ककडे पाहत नाही. त्या यादीत जुन्या हार्डवेअरचे क्रमांक असल्यामुळे डिस्क समोर असूनही व्हॉल्यूम ग्रुप गायब दिसतो. 'एलव्हीएमडिव्हायसेस' या कमांडने नवी डिस्क यादीत घालावी.

९. नवी डिस्क लहान आहे, पण डेटा तर निम्माच आहे. रिस्टोअर का नाकारला जातो?

विंडोज सर्व्हर बॅकअपमध्ये संपूर्ण सिस्टिम परत आणताना नवी डिस्क मूळ डिस्कएवढी किंवा तिच्याहून मोठी लागते. आत डेटा किती आहे याला महत्त्व नसते. ५०० गिगाबाइट असे छापलेल्या दोन डिस्कांतही प्रत्यक्ष सेक्टर कमीअधिक असू शकतात आणि तेवढ्यावरूनही नकार येतो. जुनी डिस्क चालू असेल तर पार्टिशन लहान करण्यापेक्षा मोठी डिस्क घेणे शहाणपणाचे. लिनक्ससाठी 'रिलॅक्स अँड रिकव्हर' वापरत असल्यास डिस्कचा आकार जुळला नाही की ते स्थलांतराच्या पद्धतीत जाते आणि नवी मांडणी विचारून घेते. एक्सएफएस फाइल सिस्टिम लहान करण्याच्या भरवशावर मात्र बेत आखू नये.

१०. आकार पुरेसा आहे, फर्मवेअरही जुळते, तरीही डिस्क योग्य नाही असे येते. आणखी काय असू शकते?

सेक्टरचा आकार. काही नव्या डिस्क ५१२ ऐवजी थेट ४०९६ बाइटचा सेक्टर दाखवतात. ५१२ च्या हिशेबाने घेतलेली इमेज अशा डिस्कवर जशीच्या तशी बसत नाही, आणि ५१२ बाइटच्या सेक्टरवर तयार केलेली एक्सएफएस फाइल सिस्टिम तिथे माउंट होत नाही. आत ४०९६ आणि बाहेर ५१२ दाखवणाऱ्या डिस्क असतात, त्या चालतात. काही एनव्हीएमई डिस्कचा सेक्टर फॉरमॅट करून बदलता येतो, पण त्यात डिस्क पूर्ण पुसली जाते. हे जमत नसेल तर इमेज सोडून फाइल पातळीवरचा रिस्टोअर करावा (प्रश्न १५).

११. सर्व्हर उठला, पण नेटवर्क नाही. सेटिंग तर बॅकअपमधलीच आहेत ना?

सेटिंग आली आहेत, पण ती जुन्या कार्डाच्या नावावर आहेत. लिनक्समध्ये कार्डाचे नाव ते कोणत्या स्लॉटमध्ये आहे यावरून ठरते, त्यामुळे नव्या यंत्रात नाव बदलते आणि जुन्या नावाची सेटिंग पडून राहतात. सेटिंगमध्ये मॅक पत्ता लिहिला असेल तर तोही बदलावा.

विंडोजमध्ये जुना आयपी पत्ता नव्या कार्डाला देऊ लागताच तो दुसऱ्या ॲडॅप्टरला दिला आहे, अशी सूचना येते. तो दुसरा ॲडॅप्टर म्हणजे आता यंत्रात नसलेले जुने कार्ड. डिव्हाइस मॅनेजरमध्ये लपलेली उपकरणे दाखवण्याचा पर्याय निवडून ते काढून टाकावे आणि मग पत्ता द्यावा.

१२. नव्या यंत्रावर बिटलॉकर ४८ अंकी किल्ली मागतो. हे रिस्टोअरमधील दोषामुळे झाले का?

नाही. बिटलॉकर हे विंडोजचे डिस्कला कुलूप लावणारे साधन. त्याची किल्ली जुन्या मदरबोर्डवरील टीपीएममध्ये बंदिस्त आहे आणि नवा टीपीएम ती देऊ शकत नाही, म्हणून रिकव्हरी किल्ली मागितली जाते. ती ॲक्टिव्ह डिरेक्टरीत, मायक्रोसॉफ्टच्या खात्यात किंवा छापील कागदावर शोधावी. सेक्टरनिशी घेतलेल्या कुलूपबंद इमेजची किल्ली हरवली असेल तर दुसरा मार्ग नाही, हे स्पष्ट सांगावे लागते. लिनक्समध्ये लक्स पद्धतीने कुलूप लावलेल्या डिस्कला टीपीएमशी जोडले असेल तर मूळ पासफ्रेज चालतो, अर्थात तो काढून टाकला नसेल तर.

१३. सिक्युअर बूट चालू असताना लिनक्स उठतो, पण रेडचा किंवा ग्राफिक्सचा बाहेरचा ड्रायव्हर लोड होत नाही. जुन्या सर्व्हरवर तर चालत होता.

सिक्युअर बूट ओळखीच्या किल्लीने सही केलेलेच सॉफ्टवेअर चालू देते. बाहेरून बसवलेल्या ड्रायव्हरवर सही करण्यासाठी तुम्ही किंवा पॅकेजने एक किल्ली तयार केली होती आणि ती जुन्या फर्मवेअरमध्ये नोंदवली होती. प्रश्न ५ मधल्या बूट नोंदीप्रमाणेच ती नोंदही मदरबोर्डवर राहिली. किल्लीची फाइल डिस्कवर असेल तर 'मोकयुटिल'ने ती नव्या यंत्रात पुन्हा नोंदवावी. रिस्टार्टनंतर येणाऱ्या निळ्या मेनूत ती मंजूर करावी लागते. तो मेनू काही सेकंदच थांबतो, म्हणून त्या वेळी स्क्रीनसमोर असावे.

१४. रिस्टोअर मध्येच चेकसम चुकल्याची एरर देऊन थांबतो. बॅकअप बिघडला का?

रिस्टोअर पुन्हा चालवून एरर कुठे येते ते पाहावे. दर वेळी त्याच ठिकाणी येत असेल तर बॅकअपची फाइल किंवा ती ज्या डिस्कवर आहे ती डिस्क संशयास्पद आहे. दर वेळी जागा बदलत असेल तर नव्या यंत्राची मेमरी, केबल किंवा नेटवर्क तपासावे. तीच फाइल तिसऱ्या यंत्रावर पडताळून पाहिल्यास शंका फिटते. मेमरीची चाचणी रात्रभर चालू द्यावी. दहा मिनिटांत चूक दिसली नाही म्हणजे मेमरी चांगली, असे होत नाही.

१५. फक्त फाइल रिस्टोअर केल्या, तर लिनक्समध्ये कोणालाच लॉगिन करता येत नाही. का?

दोन कारणे नेहमी आढळतात. पहिले, एसईलिनक्स या सुरक्षा व्यवस्थेची फाइलवरची लेबल बॅकअपमध्ये आली नसतील. अशा वेळी रूटमध्ये '.ऑटोरीलेबल' या नावाची रिकामी फाइल तयार करून रिस्टार्ट केले की ती नव्याने लावली जातात. दुसरे, लाइव्ह पेनड्राइव्हवरून 'आरसिंक' चालवताना मालकी नावावरून जुळवली गेली असेल. पेनड्राइव्हवरील त्याच नावाच्या वापरकर्त्याचा क्रमांक वेगळा असतो, आणि डेटाबेसच्या फोल्डरांची मालकी भलत्याच वापरकर्त्याकडे जाते. म्हणून मालकी क्रमांकानेच ठेवण्याचा पर्याय देऊन रिस्टोअर पुन्हा करावा. एकेक फोल्डर हाताने दुरुस्त करत बसू नये.

१६. व्हर्च्युअल मशीनवर रिस्टोअर केल्यावर 'सीपीयू एक्स८६-६४-व्ही२ ला सपोर्ट करत नाही' अशा अर्थाची एरर येते. सीपीयू तर नवाच आहे.

खरा सीपीयू नवा आहे, पण व्हर्च्युअल मशीनला दाखवलेला सीपीयू जुन्या साच्यातला आहे. रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स ९ ला किमान व्ही२ पातळी लागते. मशीनच्या सेटिंगमध्ये सीपीयूचा प्रकार होस्ट किंवा किमान व्ही२ पातळीच्या साच्याचा निवडावा. इंटेलवरून एएमडीवर जाणे सहसा अडचणीचे नसते. मात्र एक्स८६ चा सिस्टिम बॅकअप आर्म यंत्रावर उतरवता येत नाही, तिथे नवी सिस्टिम बसवून फक्त डेटा न्यावा लागतो.

१७. सर्व्हर चालू झाला, पण डोमेनवर लॉगिन होत नाही. आणि हा सर्व्हर स्वतःच डोमेन कंट्रोलर असेल तर?

आधी घड्याळ पाहावे. नव्या मदरबोर्डची वेळ पाच मिनिटांहून अधिक पुढेमागे असेल तर डोमेनवर ओळख तपासणारा कर्बेरॉस मूळ ठेवणीनुसार लॉगिन नाकारतो. वेळ बरोबर असेल तर ट्रस्ट तुटला असावा: डोमेनमधील संगणकाचा पासवर्ड साधारण ३० दिवसांनी बदलतो, आणि बॅकअपमध्ये त्याआधीचा पासवर्ड आहे. स्थानिक प्रशासकाच्या खात्याने शिरून पॉवरशेलमधील सिक्युअर चॅनल दुरुस्तीची कमांड चालवावी.

डोमेन कंट्रोलरची, म्हणजे डोमेनमधील खाती सांभाळणाऱ्या सर्व्हरची, बाब वेगळी आहे. डिस्कची नुसती क्लोन प्रत परत आणल्यास इतर कंट्रोलर तिच्या नव्या नोंदी आधीच मिळालेल्या समजून सोडून देतात आणि डिरेक्टरी आतून विसंगत होत जाते. वरवर मात्र काही दिसत नाही. सिस्टिम स्टेटचा रीतसर बॅकअप असेल तरच कंट्रोलर रिस्टोअर करावा, तोही टूमस्टोनच्या (डिरेक्टरीतून पुसलेल्या नोंदीची खूण जपण्याच्या) मुदतीतला, जी सहसा १८० दिवस असते. डोमेनमध्ये दुसरा चांगला कंट्रोलर असेल तर नवा विंडोज सर्व्हर बसवून त्याला कंट्रोलर करणे मला नेहमीच अधिक सुरक्षित वाटते.

१८. जुना सर्व्हर दुरुस्त होऊन आला. तो आणि रिस्टोअर केलेला सर्व्हर एकत्र चालवता येतील का?

नेटवर्कला जोडून नाही. दोघांचे नाव, आयपी पत्ता, एसएसएच किल्ल्या आणि डोमेनमधील ओळख एकच आहे. जुन्याची डिस्क नव्यात लावण्याआधीही विचार करावा, कारण दोन्हींवरील एलव्हीएमची आणि फाइल सिस्टिमची ओळख सारखीच असल्याने पुढच्या बूटमध्ये भलतीच डिस्क माउंट होऊ शकते. राहिलेली फाइल काढून घ्यायची असेल तर जुना सर्व्हर नेटवर्कची केबल काढूनच सुरू करावा आणि फाइल बाहेरच्या डिस्कवर घ्यावी.